वकिलाविरुद्ध तक्रार केली, आता कोर्ट त्यात नेमकं काय तपासतं?

वकिलानं फसवलं असं वाटलं की आपल्या नागपूरकडचा माणूस आधी जिल्हा न्यायाधीशांच्या नावानं एक अर्ज टाइप करून घेतो, मग कोणीतरी सांगतं म्हणून पोलीस ठाण्यात जातो, मग डीबीएच्या म्हणजे जिल्हा बार असोसिएशनच्या ऑफिसात, आणि सगळीकडे त्याला एकच उत्तर मिळतं की हे आमच्याकडे येत नाही. यात महिनेच्या महिने जातात आणि तोवर मूळ केस कुठच्या कुठे गेलेली असते. काही लोक तर थेट सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात जाऊन चौकशी करतात की वकिलाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रद्द करायची केस इथं लागते का, आणि नाही म्हटलं की त्यांना वाटतं सगळे मिळून वकिलाला वाचवून राहिले. तसं नाहीये. रस्ता आहे, कायद्यात लिहिलेला आहे, फक्त तो कुठून सुरू होतो आणि कोर्ट त्यात कुठे येतं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

कायदा आहे १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट. वकिलाला सनद देणारी संस्था म्हणजे राज्याची बार कौन्सिल, आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, तिचं ऑफिस मुंबईत. ज्यानं सनद दिली तोच ती काढू शकतो, असं साधं तत्त्व आहे. म्हणून तक्रारही तिथंच जाते. डीबीए आणि हायकोर्टाची एचसीबीए म्हणजे हायकोर्ट बार असोसिएशन या वकिलांच्या संघटना आहेत, त्या वकिलांसाठी बार रूम बघतात, लायब्ररी बघतात, त्यांचे प्रश्न मांडतात. तिथले ज्येष्ठ वकील मध्यस्थी करून एखादी फाइल परत मिळवून देतील, ते चांगलंच आहे, पण सनदेवर त्यांचा काही अधिकार नाही. नावात दोन्हीकडे बार आहे त्यामुळे घोळ होतो.

आणि जज? समोर बसलेल्या जजसाहेबांनी वकिलाचं वागणं डोळ्यांनी पाहिलं तरी ते सनद काढू शकत नाहीत. इतकंच कशाला, सुप्रीम कोर्टानं १९९८ साली घटनापीठाच्या निकालात स्पष्ट सांगितलं की कोर्टाच्या अवमानाच्या प्रकरणात शिक्षा म्हणून आम्हीसुद्धा वकिलाची प्रॅक्टिस निलंबित करू शकत नाही, ते काम बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचं. त्याआधी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानंच एका वकिलाला अवमानासाठी तसं निलंबित केलं होतं, आणि १९९८ ला ती वाट बंद केली. नंतरच्या निकालांमध्ये कोर्टानं एवढं मात्र राखून ठेवलं की एखाद्या वकिलानं आपल्यासमोर उभं राहायचं की नाही हे कोर्ट ठरवू शकतं, पण समोर उभं राहू न देणं वेगळं आणि सनद काढणं वेगळं.

मग कोर्टाचं काम काय उरलं? कोर्ट तुमची तक्रार पहिल्यांदा ऐकत नाही. कोर्ट तपासतं ते बार कौन्सिलनं तुमच्या तक्रारीचं काय केलं ते. म्हणजे वर गेल्यावर प्रश्न असा नसतो की वकील वाईट आहे का, प्रश्न असा असतो की ज्या समितीनं निर्णय दिला तिनं कागद पाहिले का, दोन्ही बाजू ऐकल्या का, कारणं लिहिली का, आणि दिलेली शिक्षा गुन्ह्याच्या मानानं बरोबर आहे का. हे एकदा डोक्यात बसलं की तक्रार कशी लिहायची हे आपोआप कळतं, कारण खाली जे रेकॉर्डवर आलंच नाही ते वर जाऊन शोधायला कोणी बसत नाही.

आता एक उदाहरण धरू म्हणजे समजायला बरं. समजा काटोलकडचा एक शेतकरी, संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून शेजाऱ्याशी दिवाणी दावा. वकीलसाहेबांनी फी घेतली, कोर्ट फी म्हणून वेगळे पैसे घेतले, आणि दर वेळी विचारलं की पेशी वाढली, म्हणजे पुढची तारीख पडली, म्हणून सांगत राहिले. दोन वर्षांनी कळलं की दावा गैरहजेरीत खारीज झाला, किंवा त्याहून वाईट म्हणजे दाखलच झाला नव्हता. हे दोन्ही प्रकार बाहेरून सारखे दिसतात, माणसाचं नुकसान तेवढंच, पण तक्रारीच्या दृष्टीनं त्यांच्यात फार फरक आहे आणि तिथंच बहुतेक लोकांची गाडी अडते.

कायद्याच्या कलम ३५ मध्ये शब्द आहेत व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन. याची यादी कायद्यात दिलेली नाही, मुद्दाम दिलेली नाही असं समजा, कारण माणूस किती प्रकारे चुकीचं वागू शकतो याची यादी कोण करणार. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे आचरणाचे नियम आहेत, त्यात बरंच काही लिहिलंय, की पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, म्हणजे जिंकलो तर इतके टक्के असा सौदा नाही, एका बाजूचं काम करून झाल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूनं उभं राहायचं नाही, पुरेसं कारण आणि नोटीस दिल्याशिवाय केस मधेच सोडायची नाही, जाहिरात करायची नाही. हे सगळे नियम मोडले तर गैरवर्तन होऊ शकतं. पण केस हरणं हे गैरवर्तन नाही. चुकीचा सल्ला देणं हेसुद्धा आपोआप गैरवर्तन होत नाही. १९८३ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की चुकलेला सल्ला वेगळा आणि अनुचित सल्ला वेगळा, नुसत्या निष्काळजीपणामागे नैतिक खोट नसेल तर त्याला व्यावसायिक गैरवर्तन म्हणता येत नाही. त्या प्रकरणात बार कौन्सिलनं दिलेली शिक्षा कोर्टानं रद्द केली होती.

हे वाचून पक्षकाराला राग येतो, मला माहीत आहे. माझी जमीन गेली आणि तुम्ही म्हणता खोट नव्हती. पण जरा विचार करा, प्रत्येक हरलेल्या केसमागे वकिलाची सनद धोक्यात येणार असेल तर गरीब माणसाची अवघड केस हातात घ्यायला कोण तयार होईल. म्हणून रेषा ओढली आहे ती खोटेपणावर. आपल्या काटोलच्या शेतकऱ्याच्या वकिलाची एक तारीख चुकली आणि दावा खारीज झाला, हे निष्काळजीपण. खारीज झाल्याचं माहीत असून दोन वर्षं पेशी वाढली असं सांगत राहिला, हे गैरवर्तन. आणि दाखलच न करता कोर्ट फीचे पैसे घेतले हे तर स्पष्टच.

अगदी असंच प्रकरण तामिळनाडूतून सुप्रीम कोर्टात गेलं होतं, निकाल १९७८ चा. सत्तरीतला एक बहिरा म्हातारा, दोन वचनचिठ्ठ्या, एक १५,००० ची आणि एक ५,००० ची. वकिलानं कोर्ट फी घेतली आणि दावे दाखल झाले म्हणून सांगितलं, पण दाखल केलेच नव्हते. राज्याच्या शिस्तपालन समितीनं सहा वर्षं निलंबन दिलं, बार कौन्सिल ऑफ इंडियानं ते एक वर्षावर आणलं, आणि सुप्रीम कोर्टानं गैरवर्तनाचा निष्कर्ष कायम ठेवून शिक्षेला वेगळंच वळण दिलं, की पक्षकाराला भरपाईचे पैसे द्यायचे आणि निलंबनाच्या काळात मोफत कायदेशीर मदतीच्या संस्थेसाठी काम करायचं. एकच घटना, तीन पायऱ्या, तीन वेगळी उत्तरं.

आता तक्रार प्रत्यक्षात कशी चालते. ती साध्या पत्रासारखी चालत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेत सांगितल्याप्रमाणे सही करून सत्यापन केलेला, म्हणजे मजकूर खरा आहे असं लिहून दिलेला, अर्ज लागतो आणि ठरलेली फी भरावी लागते. राज्याची भाषा मराठी आहे म्हणून मराठीत देता येते, हे अनेकांना माहीतच नाही, उगाच कोणाकडून इंग्रजी ड्राफ्ट करून घेतात आणि मग आपण काय लिहिलंय हेच त्यांना सांगता येत नाही. प्रकरण पुढे दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतर करण्याची जबाबदारी राज्य बार कौन्सिलची आहे.

अर्ज आला की लगेच वकिलावर केस सुरू होत नाही. आधी बार कौन्सिलनं स्वतः तो वाचून ठरवायचं असतं की गैरवर्तन झालं असं मानायला कारण आहे का. कायद्यातलं हे छोटंसं वाक्य आहे पण कोर्टाच्या तपासणीचा अर्धा भाग याच वाक्यावर चालतो. बार कौन्सिल म्हणजे पोस्ट ऑफिस नाही, आलेली प्रत्येक तक्रार शिक्का मारून समितीकडे ढकलायची नाही, डोकं लावायचं, हे सुप्रीम कोर्ट गुजरातच्या एका प्रकरणापासून कितीतरी वर्षं सांगत आलंय. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा कडक शब्दांत सांगितलं. तिथं तक्रार करणारा माणूस त्या वकिलाचा पक्षकारच नव्हता, समोरच्या बाजूशी संबंधित होता, आणि प्रकरण समितीकडे पाठवताना कारण दिसेल असा विचार आदेशात नव्हता. कोर्टानं म्हटलं की व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीसाठी साधारणपणे वकील आणि तक्रारदार यांच्यात वकील-पक्षकाराचं नातं असावं लागतं, आणि समितीकडे पाठवण्याच्या आदेशात थोडक्यात का होईना कारण दिसलं पाहिजे. ती कारवाई रद्द झाली.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो कारण समोरच्या पार्टीच्या वकिलाला त्रास द्यायला तक्रार ठोकायची ही सवय आपल्याकडे वाढून राहिली आहे. भावाभावांचा वाटणीचा वाद असतो, एका भावाचा वकील चांगला बाजू मांडतो, की दुसरा भाऊ त्या वकिलाविरुद्ध खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून तक्रार टाकतो. वकिलानं पक्षकाराच्या सूचनेवरून बाजू मांडली यात त्याचा दोष काय. पण याचा अर्थ असाही नाही की समोरच्याचा वकील काहीही करू शकतो, त्यानं साक्षीदार फोडला, बनावट कागद स्वतः तयार केला, मारहाण केली तर ते इतर गैरवर्तनात येतं, तिथं नात्याची अट आड येऊ नये असं माझं मत आहे आणि आधीचे निकालही तिकडेच बोट दाखवतात.

कारण आहे असं वाटलं की प्रकरण जातं शिस्तपालन समितीकडे. तिघांची समिती, दोघे कौन्सिलचे निवडलेले सदस्य आणि तिसरा बाहेरून घेतलेला अनुभवी वकील, तिघांत जो सगळ्यात ज्येष्ठ तो अध्यक्ष. या समितीला साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं अशा बाबतीत दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. वकिलाला नोटीस जाते, महाधिवक्त्यांनाही जाते. मग समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळासाठी निलंबित करू शकते, किंवा वकिलाचं नाव यादीतून कायमचं काढू शकते.

लोक म्हणतात वकीलच वकिलाचा न्याय करणार तर काय होणार. हा प्रश्न खरा आहे, मी तो झटकून टाकणार नाही. पण म्हणूनच तर वरच्या पायऱ्या ठेवल्या आहेत, आणि नियमांमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे जी तक्रारदारांना कोणी सांगत नाही: तक्रार मागे घेतली किंवा आपसात मिटलं एवढ्याच कारणावरून प्रकरण बंद करता येत नाही. म्हणजे वकीलसाहेबांनी पैसे परत दिले, तुम्ही लिहून दिलं की माझं समाधान झालं, तरी समितीला वाटलं तर ती पुढे चालवू शकते. कारण सनदेचा प्रश्न तुमच्या दोघांपुरता नाही, उद्या त्याच वकिलाकडे जाणाऱ्या माणसाचाही आहे. याच विचारावर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं ठरवलं की राज्य बार कौन्सिल स्वतःसुद्धा अपील करू शकते. ते प्रकरण मुंबईच्या फौजदारी कोर्टाबाहेरचं होतं, वकील दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडायचे, एकमेकांच्या हातातून ओढायचे, आणि बार कौन्सिलनं त्यावर कारवाई केली होती.

वेळेचं म्हणाल तर कायदा म्हणतो एक वर्ष. तक्रार मिळाल्यापासून वर्षभरात राज्याच्या समितीनं निपटारा केला नाही तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे दिल्लीला जातं. ऐकायला छान वाटतं, प्रत्यक्षात काटोलच्या माणसाला दिल्लीची पेशी म्हणजे शिक्षाच. साक्षीदार कोण नेणार, भाडं कोण देणार. म्हणून २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्यांनी वर्षाच्या आत निकाल लावायचाच, दिल्लीकडे पाठवणं हा अपवाद असला पाहिजे, आणि जी प्रकरणं दिल्लीला गेली तीही वर्षभरात संपवा, हवं तर चौकशीसाठी निवृत्त न्यायिक अधिकारी नेमा. तुमच्या तक्रारीला आठ-नऊ महिने झाले आणि काही हालचाल नसेल तर एक वर्षाची मुदत सांगणाऱ्या कलम ३६-ब चा आणि या निकालाचा उल्लेख करून बार कौन्सिलला एक स्मरणपत्र द्या, पोचपावती घ्या. नुसतं फोन करून विचारलं तर त्याचा काही पुरावा राहत नाही.

आता पायऱ्या. शिस्तपालन समितीचा आदेश पटला नाही तर ज्याला झळ बसली तो, मग तक्रारदार असो की वकील, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे साठ दिवसांत अपील करू शकतो. तिथला निर्णयही पटला नाही तर साठ दिवसांत थेट सुप्रीम कोर्टात अपील. मधे हायकोर्ट नाही! हे नागपूरकरांना नेहमी चमत्कारिक वाटतं कारण आपल्याकडे खंडपीठ घराजवळ आहे, आणि जावं लागतं दिल्लीला. पण कायद्यानं अपिलाची शिडी तशी बांधली आहे.

मग हायकोर्ट कुठे येतं? रिट याचिकेत. घटनेच्या कलम २२६ खाली. बार कौन्सिलनं अधिकार नसताना काही केलं, ऐकूनच घेतलं नाही, कारण न लिहिता प्रकरण समितीकडे पाठवलं, किंवा तुमची तक्रार घेऊन नुसती बसून राहिली, तर हायकोर्टात जाता येतं. पण रिटमध्ये हायकोर्ट साक्षीपुरावे पुन्हा मोजत बसत नाही. ते बघतं प्रक्रिया आणि अधिकार. आणि अपिलाचा रस्ता मोकळा असताना तो सोडून आलात तर सहसा विचारतं की आधी तिकडे का गेला नाहीत.

एक जागा अशी आहे की जिथं बरेच तक्रारदार अडकतात. समितीकडे प्रकरण गेलंच नाही, बार कौन्सिलनंच सुरुवातीला वाचून फेटाळून टाकलं, तर वरचं अपील चालत नाही कारण ते अपील शिस्तपालन समितीच्या आदेशाविरुद्ध आहे. अशा वेळी बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण अर्ज करायचा, कलम ४८-अ खाली, की ज्या आदेशाविरुद्ध अपील नाही त्याचे कागद मागवून तपासा. लोक अपील म्हणून दाखल करतात, ते परत येतं, आणि त्यांना वाटतं संपलं सगळं.

सुप्रीम कोर्ट अपिलात काय करतं हे निकाल बघितले की जास्त कळतं. राजस्थानचं प्रकरण आहे, निकाल २००१ चा. वकिलानं आपल्या पक्षकाराला पत्र लिहिलं की जज पैसे घेतो, दहा हजार पाठवून द्या म्हणजे निकाल आपल्या बाजूनं लागेल. पत्र लिहिल्याचं त्यानं नाकारलं नाही. राज्यानं दोन वर्षं निलंबन दिलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं म्हटलं हे कमी आहे, नाव कायमचं काढा. मग वकिलानं त्यांच्याकडेच पुनर्विलोकन मागितलं, आणि त्याच संस्थेनं, वय ऐंशी आणि पन्नास वर्षांची प्रॅक्टिस बघून, शिक्षा नुसत्या ताकिदीवर आणली. सुप्रीम कोर्टानं ते पुनर्विलोकन उडवलं आणि सनद काढण्याचा आदेश परत आणला. कारण पुनर्विलोकन म्हणजे आधीच्या आदेशात उघड चूक असेल तर ती दुरुस्त करणं, मन बदललं म्हणून तोच पुरावा पुन्हा वाचून वेगळं उत्तर देणं नाही. इतक्या वर्षांची प्रॅक्टिस असलेल्या माणसाला असं पत्र लिहिताना काहीच वाटलं नाही याचं ओझं उलट जास्तच.

उत्तर प्रदेशातल्या बदायूंच्या वकिलानं कोर्टातच चाकूनं हल्ला केला होता, खुनाच्या प्रयत्नात तीन वर्षांची शिक्षा झाली, तरी बार कौन्सिलनं तीन वर्षांची बंदी घालून विषय संपवला. १९९७ साली सुप्रीम कोर्टानं ही शिक्षा फारच कमी म्हणून नाव यादीतून काढलं. त्याच वर्षी दुसरं प्रकरण, पक्षकाराला द्यायचे १५०० रुपये वकिलानं आपल्याकडे ठेवून घेतले, एक वर्ष निलंबन झालं होतं, ते कोर्टानं ताकिदीवर आणलं, कारण दुसरे आरोप नीट सिद्ध झाले नव्हते, हस्ताक्षर त्याचंच आहे हे समितीनं तज्ज्ञाकडे न देता स्वतःच डोळ्यांनी ताडून ठरवलं होतं. म्हणजे कोर्ट शिक्षा वाढवतंही आणि कमीही करतं. वाढवायची असेल तर आधी वकिलाला ऐकून घ्यावं लागतं, हे कायद्यातच आहे.

पुराव्याचं माप इथं दिवाणी दाव्यापेक्षा वरचं असतं. माणसाची रोजीरोटी जाणार असते म्हणून कोर्ट या कारवाईला जवळजवळ फौजदारीसारखी मानतं, संशय राहिला तर फायदा वकिलाला. इथंच आपले बरेच लोक हरतात. पैसे रोख दिले, पावती नाही. बोलणं बार रूमबाहेर उभ्या उभ्या झालं. वकीलपत्राची प्रत नाही. मग तीन पानं भरून लिहितात की वकील लबाड आहे, समोरच्याला मिळालेला आहे, साऱ्या कोर्टाला माहीत आहे. समिती यावर काय करणार? त्यापेक्षा एका पानावर लिहा की अमुक तारखेला इतके पैसे यूपीआयनं दिले, अमुक तारखेला मेसेज आला की पेशी वाढली, आणि ई-कोर्ट्स या कोर्टातल्या केसची माहिती देणाऱ्या सरकारी वेबसाइटवर त्याच तारखेला केस खारीज दिसते. तारखेसमोर तारीख ठेवली की खोटं आपोआप दिसतं. मोबाइलवरचे मेसेज पुरावा म्हणून रीतसर द्यायचे तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं हे ध्यानात ठेवा आणि तो मोबाइल विकू नका.

ई-कोर्ट्सचं तर मी सगळ्यांना सांगून राहिली आहे. प्रत्येक केसला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, वकिलाकडून पहिल्याच दिवशी घ्या. फोनमध्ये ॲप टाका, पोराला सांगा, दर महिन्याला बघा. वकिलावर अविश्वास म्हणून नाही, केस तुमची आहे म्हणून. चांगला वकील यानं नाराज होत नाही.

आणि आता जे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं असं काहींना वाटेल ते: तक्रारीनं केस जिवंत होत नाही आणि सहसा पैसेही परत मिळत नाहीत. शिस्तपालनाची कारवाई सनदेबद्दल आहे. तुमचा दावा गैरहजेरीत खारीज झाला असेल तर तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज त्याच कोर्टात करायचा, त्याची मुदत तीस दिवसांची आहे, उशीर झाला तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडायचा आणि वकिलानं काय सांगितलं ते त्यात लिहायचं. सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये म्हटलंय की वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, पण तुम्ही स्वतः चार वर्षं विचारलंच नसेल तर कोर्ट तेही बघतं. लोक रागाच्या भरात आधी तक्रारीच्या मागे लागतात आणि हे तीस दिवस निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. आधी दावा वाचवा, दुसरा वकील करा, तक्रार त्यानंतरही करता येते.

पैशासाठी ग्राहक मंचात जाऊ म्हणाल तर तो रस्ता १४ मे २०२४ ला बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं ठरवलं. उरतो दिवाणी दावा, आणि पैसे खरंच हडप केले असतील तर विश्वासघाताची फौजदारी तक्रार.

जुना वकील फाइल देत नाही, फी बाकी आहे म्हणून अडवून ठेवली, हे तर रोजचं. २००० साली मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फीसाठी पक्षकाराची फाइल अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, ते गैरवर्तन आहे, फी वसुलीसाठी वेगळा मार्ग आहे. ती शिक्षा कोर्टानं कमी केली, कारण तोवर कायदा स्पष्ट नव्हता, पण आता स्पष्ट आहे. फाइल मागणारं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, पंधरा दिवस थांबा. बरेचदा पत्र गेलं की फाइल येते, पुढचं काही करावंच लागत नाही. कोर्टातून प्रमाणित प्रतीही मिळतात.

वकील करायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळतो, सल्लाही मिळतो. हायकोर्टाच्या कामासाठी नागपुरात हायकोर्ट विधी सेवा उपसमिती आहे.

वकिलाच्या बाजूनंही एक सांगायचं. तुमच्यावर तक्रार आली तर नोटिशीला उत्तर द्या, गैरहजर राहू नका. माझी इतकी वर्षांची इज्जत आहे, मी कशाला उत्तर देऊ, असं म्हणून काही जण बसून राहतात आणि एकतर्फी आदेश होतो, मग वर जाऊन स्थगिती मागत फिरतात. स्थगिती मिळू शकते, अपील केल्यावर पुरेसं कारण दाखवलं तर, पण मिळेलच असं नाही. आणि पक्षकाराला दर पेशीनंतर दोन ओळींचा मेसेज करत जा, यातल्या कितीतरी तक्रारी तिथंच संपतील.

शेवटी मुदतीचं. साठ दिवस मोजायचे ते आदेश तुम्हाला कळवला त्या तारखेपासून. त्यामुळे बार कौन्सिलकडून आलेलं पाकीट फाडून फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट जपून ठेवा आणि कोणत्या दिवशी हातात पडलं ते त्याच दिवशी पाकिटावर लिहा. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण तेव्हाही पहिला प्रश्न हाच येतो की आदेश मिळाला कधी, आणि त्याचं उत्तर त्या पाकिटावर असतं.